अकरा खटक्याचे चाकू आणि एक वाळीत टाकलेला

आई इचलकरंजीहून डॅलसला आली त्याला आता दोन महिने होतील. पहिल्या दिवसापासून तिची एकच तक्रार आहे: घरात विळी नाही. ओट्यापाशी उभं राहून सुरीनं चिरणं तिला चिरणं वाटतच नाही. मागच्या रविवारी मेक्सिकोचे ते छोटे पिवळे आंबे आणले होते. हाताशी सुरी दिसेना, म्हणून तिनं माझ्या टेबलावरचा चाकू उचलला आणि बटण दाबलं. खट्ट!

मी शेजारच्या खोलीतून पळत आलो. मला वाटलं, बोट गेलं. आई मात्र आंबा तळहातावर धरून त्या निमुळत्या पात्यानं रेटत बसली होती. साल कापली जायच्या ऐवजी आत दबत होती आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

“ह्येला धारच न्हाई की रं,” ती म्हणाली. “नुसताच आवाज.”

मग तिनं चाकू धुतला, पदराला पुसला, मुठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “शिंग हाय व्हय हे? म्हशीचं?”

शिंगच आहे, म्हशीचंच. ऐंशी डॉलरचा, इटलीच्या मानियागो गावात बनलेला अकरा इंची स्टिलेटो. अकरा इंच म्हणजे उघडल्यावरची मुठीसकट लांबी. पातं सुईसारखं, टोक भोसकायला बरं आणि धार असून नसल्यासारखी. आईनं अर्ध्या मिनिटात जे सांगितलं ते कळायला मला दहा वर्षं आणि बरेच डॉलर लागले. चाकू म्हणून ही वस्तू तशी निकामीच. घरी आलेली खोकी फोडायला मी अजूनही हार्डवेअरच्या दुकानातला दोन डॉलरचा कटर वापरतो.

तरी माझ्याकडे असे बारा आहेत. अकरा ड्रॉवरमध्ये, आणि एक गॅरेजमध्ये वाळीत टाकलेला. त्याची गोष्ट पुढे येईल.

हे वेड आलं आण्णांकडून, म्हणजे वडिलांकडून, आणि तेही त्यांच्या नकळत. आण्णा इचलकरंजीत जॉबर होते. तिकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: यंत्रमाग नीट चालता ठेवणारा माणूस म्हणजे जॉबर. धोटा अडला, पट्टा सुटला, स्प्रिंग गेली की हाक जॉबरलाच. मी पाचवी-सहावीत असताना एका शनिवारी पगाराच्या वेळी कारखान्यात बाचाबाची झाली आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कामगारानं कंबरेचा रामपुरी काढला. आण्णांनी तो त्याच्या हातातून कसा घेतला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला आठवतं ते त्या रात्रीचं. जेवणं झाल्यावर कडप्प्यावर वर्तमानपत्र पसरून आण्णा चाकू उघडत होते, मिटत होते. उघडताना कट-कट-कट असा दातांवरून सरकल्याचा आवाज यायचा. आई म्हणाली, “पोराम्होरं कशाला?” आण्णांनी ऐकलंच नाही. बारीक पंच आणि हातोडी घेऊन त्यांनी मागची पिन ठोकून काढली, आतली पोलादी पट्टी अलगद बाहेर ओढली आणि दिव्यासमोर धरली.

“पातं काय, कुठलंबी असतंय,” ते मला म्हणाले. “काम करतीया ती ही कमान.”

सोमवारी त्यांनी चाकू त्या कामगाराला परत दिला. पिन पुन्हा ठोकलेली, मूठ पुसलेली, फक्त कमान काढून घेतलेली. पातं दार निखळल्यासारखं लोंबत होतं. तो माणूस पुढे चार वर्षं आण्णांच्या हाताखाली होता. चाकूचा विषय दोघांनीही काढला नाही.

तो चाकू गरारीचा होता, म्हणजे दातेरी चक्रावर एकेक घर चढत उघडणारा. बटणाचे निराळे. दोन्हींना आपण सरसकट रामपुरी म्हणतो. मुंबईच्या टोळ्यांनी आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी हे नाव इतकं गाजवलं की ते मुळात एका गावाचं आहे हे लोक विसरले. उत्तर प्रदेशातलं हे रामपूर नवाबांचं, आणि तिथे चाकू बनवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. आता मागणी आटली आहे, कारागीर थोडेच उरलेत. पण २०२३ मध्ये तिथे चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभा केला. बदनामीचंही स्मारक होऊ शकतं तर!

मी टेक्सासला आलो २०११ मध्ये. तेव्हा इथे असा चाकू बाळगणंसुद्धा गुन्हा होता. बंदुका दुकानात रांगेनं मांडलेल्या आणि चार इंची खटक्याच्या चाकूला बंदी, हे मला काही केल्या उमगेना. १ सप्टेंबर २०१३ पासून टेक्सासनं ती बंदी उठवली आणि त्याच महिन्यात मी पहिला चाकू घेतला. बायकोनं पाकीट उघडून बघितलं आणि विचारलं, “आता कुणाला खंडणी मागणार?”

या चाकवांचा कायदा हा वेगळाच विनोद आहे. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉर्ज श्रेड नावाच्या माणसानं बटणाच्या चाकूचं पेटंट घेतलं. तेव्हा ही वस्तू शेतकऱ्याच्या खिशात असायची, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पिशवीत असायची. एक हात अडकलेला असताना दुसऱ्यानं उघडता येतो म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी इटलीहून स्टिलेटो आणले. मग मासिकांतून आणि सिनेमांतून गल्लीतल्या पोरांच्या हातात तोच चाकू दिसायला लागला, पालक घाबरले, आणि १९५८ मध्ये केंद्राचा कायदा आला. हे चाकू बाहेरून देशात आणायचे नाहीत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायचे नाहीत. त्यातला एक अपवाद मला फार आवडतो: ज्याला एकच हात आहे त्याला तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू जवळ ठेवून प्रवास करता येतो. म्हणजे तो चाकू मुळात कशासाठी होता हे कायदा लिहिणाऱ्याला नीट माहीत होतं. २००९ मध्ये त्यात आणखी एक पोटकलम आलं. पातं आधी हातानं थोडं ढकलावं लागलं आणि मग स्प्रिंगनं पुढचं काम केलं, तर तो खटक्याचा चाकू नव्हे! उघडायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो, मी घड्याळ लावून बघितलंय.

आता जे मला खरं आवडतं ते सांगतो.

माझ्याकडे एक साधा अमेरिकन बटणवाला आहे, ॲल्युमिनियमच्या मुठीचा. त्याचे तीन स्क्रू काढले की सगळं समोर येतं. पात्याच्या बुडाशी, खिळीभोवती एक गुंडाळी स्प्रिंग. तिचं एक टोक मुठीत, एक पात्यात. बटण म्हणजे एक जाडसर दांडी, आणि तिच्या कमरेला एक खाच. पातं मिटलेलं असताना दांडीचा जाड भाग पात्याच्या बुडातल्या अर्धगोल कापात बसलेला असतो, म्हणून पातं हलत नाही. बटण दाबलं की खाच बरोबर कापासमोर येते, वाट मोकळी होते, पातं फिरतं. पूर्ण उघडलं की तिथे दुसरा अर्धगोल कापलेला आहे. बटणाखालची बारकी स्प्रिंग दांडीला वर ढकलते आणि जाड भाग त्यात जाऊन बसतो. पुन्हा कुलूप. मिटलेलं धरायलाही तोच तुकडा, उघडलेलं धरायलाही तोच, आणि सोडायलाही तोच. मी प्लास्टिकच्या साच्यांचं काम करतो, आयुष्य सरकत्या भागांत आणि खाचांत गेलंय. एका दांडीकडून तीन कामं करून घेणारा माणूस मला भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

इटालियनची तऱ्हा वेगळी. त्यात गुंडाळी नाही, आण्णांनी दिव्यासमोर धरली तसली चपटी पट्टी आहे. पातं मिटताना ती वाकते आणि सुटताना पात्याच्या बुडाला लाथ घालते. जर्मन लोकांनी बटणाऐवजी खिट्टी लावली. ती आडवी पाडली की चुकून उघडायची भीती नाही. आणि समोरून सरळ बाहेर येणारे ते वेगळेच. अंगठ्यानं सरकी पुढे ढकलली की पातं पुढे, मागे ओढली की मागे. त्यांतलं पातं नेहमी किंचित डुगडुगतं, कारण सरकायला जागा ठेवावीच लागते. शिवाय पुढे कापडाचा धागा जरी आडवा आला तरी पातं अर्ध्यात लटकतं, आणि मग ते बोटांनी ओढून पुन्हा जागेवर बसवायचं. हे ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्या कामाचं हत्यार नाही, एवढं त्या लटकण्यातून कळतं.

मी ते उघडतो-मिटतो, बस्स. ऑफिसच्या कॉलवर माईक बंद असला की एका बैठकीत तीस-चाळीस वेळा सहज. एकदा माईक चालू राहिला. खट्ट, खट्ट. कुणीतरी विचारलं, “स्टेपलर चालू आहे का कुणाचा?” मी ‘हो’ म्हणालो आणि पुढचा तासभर खरोखरच स्टेपलर हातात धरून बसलो.

तोट्यांची यादी करायची नाही असं ठरवलं होतं, पण मांडीवरचे तीन टाके विसरता येत नाहीत. तो ॲल्युमिनियमवाला जीन्सच्या पुढच्या खिशात होता. गाडीत बसताना सीटबेल्टचं बक्कल नेमकं बटणावर दाबलं गेलं. स्प्रिंगला काय कळतंय खिसा कुणाचा! दवाखान्यात नर्सनं तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, कुणी मारत नाही ना. शेजारी बसलेली बायको वर बघत नव्हती. तेव्हापासून खिशात काही नाही.

दुसरा फटका न्यू मेक्सिकोचा. २०१९ मध्ये आम्ही कार्ल्सबादच्या गुहा बघायला निघालो होतो. पेकोस सोडलं, ओर्ला मागे पडलं, दोन्ही बाजूंना तेलाच्या विहिरी. राज्याची पाटी गेली आणि पोरीनं च्युइंग गमसाठी समोरचा कप्पा उघडला. “बाबा, तुझं खेळणं.” टेक्सासमध्ये कायदेशीर असलेली ती वस्तू त्या पाटीपासून पुढे नुसती जवळ असणं हाच गुन्हा होता. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, विचार केला, आणि वळवली. चाळीस मिनिटं मागे जाऊन एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला सांगितलं की हा ठेवा, संध्याकाळी परत येतो. त्यानं उघडून बघितला, हसला, म्हणाला, परत नाही आलात तरी चालेल. संध्याकाळी परत मिळाला. बायकोनं मात्र तो प्रवास अजून परत केलेला नाही. भांडणात तो पहिल्या क्रमांकावर येतो.

मानियागोलाही जाऊन आलो. ऑफिसच्या कामासाठी मिलानला गेलो होतो, एक दिवस मोकळा होता, सकाळची गाडी पकडली. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव. १४५३ मध्ये तिथल्या सरदारानं व्हेनिसकडून ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मिळवली, आणि त्या पाण्यावर लोहारांचे घण चालायला लागले. सुरुवातीला शेतीची अवजारं, मग चाकू, कात्र्या. एका जुन्या कारखान्यात त्यांनी या धंद्याचं संग्रहालय केलंय. मी तिथे पट्ट्यांवरच्या यंत्रांसमोर उभा राहिलो तेव्हा नाकाला आमच्या कारखान्यातला तेलाचा वास आला, शपथेवर सांगतो. दुकानात शिंगाच्या मुठीचे, हरणाच्या शिंगाचे, एक तेरा इंची. हातात घेतला, उघडला, मिटला, ठेवला. १९५८ चा कायदा विमानतळावर वाट बघत असतो. मी स्वयंपाकाची एक छोटी सुरी घेऊन आलो, आणि आमच्या घरात खरी कापणारी तेवढी तीच आहे. रविवारी आईला नेमकी तीच सापडत नव्हती.

आता तो वाळीत टाकलेला. जुन्या वस्तूंच्या बाजारात मला एक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा अमेरिकन चाकू मिळाला. मूठ सेल्युलॉइडची, मधाच्या रंगाची, आतून ढग फिरल्यासारखी. इतकं देखणं काही माझ्याकडे नव्हतं. मी तो बाकीच्यांबरोबर कापडाच्या गुंडाळीत ठेवला आणि सहा महिने ड्रॉवर उघडला नाही. उघडला तेव्हा कापरासारखा आणि आंबूस असा मिश्र वास आला. त्याच्या डावी-उजवीकडच्या दोन चाकवांवर तांबूस बुरा आला होता, तिसऱ्यावर ठिपके. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं आणि त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ निघते. ती शेजारच्या पोलादाला खाते, पितळ हिरवं करते. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, तसंच. शिवाय हा पदार्थ झटकन पेट घेतो, म्हणून घरात ठेवायचीही भीती. तो आता गॅरेजमध्ये उघड्या फळीवर एकटा असतो, आजूबाजूला दोन फूट काही नाही. महिन्यातून एकदा जाऊन बघतो. मुठीला भेगा पडायला लागल्यात. विकावा तर घेणाऱ्याला काय सांगू, आणि टाकावा तर हात होत नाही.

चामड्याच्या म्यानातही ठेवू नका, कमावलेलं चामडंसुद्धा धातूला खातं. शिंग कोरड्या हवेत आकसतं. इथे उन्हाळाभर एसी चालतो, माझ्या एका मुठीचं शिंग पिनेपाशी तडकलंय. हे सगळं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

धाकट्या भावाला एक हवाय. दर फोनला विचारतो. मी नाही म्हणतो आणि त्याला ते खोटं वाटतं. तिकडे महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश या ना त्या सणाला निघतच असतो, चाकू घेऊन फिरणाऱ्याला पोलीस उचलतात, आणि पेपरात कोयता गँगच्या बातम्यांनी लोक आधीच वैतागलेत. मी त्याला म्हटलं, तुझ्या खिशात तो सापडला तर “माझा भाऊ स्प्रिंगचा अभ्यास करतो” हे तू ठाण्यात सांगणार का? तो म्हणाला, “मग तू तरी कशाला ठेवतोस?” फोन आईकडे दिला.

आईनं आंबा कापायला घेतला त्या चाकूची पट्टी दुसऱ्या दिवशी तुटली. तिचा दोष नाही. या पट्ट्या मुळातच तुटतात. जिथे काटकोनात वळवलेली असते त्या कोपऱ्यात चीर सुरू होते आणि दर उघडण्याला केसभर पुढे सरकते. मीच हजारो वेळा उघडलाय, तिनं एकदा. मी स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी मागवली, मापानं कापली, मागच्या अंगणात टॉर्चनं लाल केली आणि पाण्यात बुडवली. पहिली बसवताना काचेसारखी मोडली. दुसरी तापवून पुन्हा मऊ केली, तर ती इतकी मऊ झाली की एकदा वाकली ती वाकलेलीच राहिली.

आई पायरीवर बसून लसूण सोलत होती. बराच वेळ बघून म्हणाली, “आण्णा पान्यात न्हाई बुडवायचे. जळक्या आईलात.”

“आणि नंतर?”

“नंतर चुलीच्या कडंला ठिवायचे. निळी झाली की उचलायचे. मीच बघत बसायची, त्यास्नी सांजचं रंग दिसायचा न्हाई.”

तिसरी पट्टी कापून ठेवलीय. गाडीचं ऑइल शनिवारी बदलायचंच आहे, त्यातलं लिटरभर डब्यात काढून ठेवीन. रंग बघायला आई बसणार आहे.